कंबर कडकन वाजवून पाळीचं दुखणं जात नाही

"मॅडम, उद्या पाळी येईल, आजच कंबर मोकळी करून द्या ना." असले फोन दर महिन्याला येतात. मोबाइलवर कुणीतरी कुणाचीतरी कंबर कडकन वाजवताना पाहिलेलं असतं. अगं, तो आवाज सांध्यातल्या वायूचा. दुखणं त्यातून बाहेर पडत नाही.

कळ येते ती गर्भाशय आकुंचन पावतं म्हणून, आणि ते काम प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलंच रसायन करतं. मग कंबर का धरते? गर्भाशय मागून दोन बंधांनी त्रिकास्थीला, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या तिकोनी हाडाला, जोडलेलं असतं. शिवाय गर्भाशयाच्या आणि कंबर-मांड्यांच्या नसा पाठीच्या कण्यात एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे मेंदूची गल्लत होते. आम्ही ऑस्टिओपॅथ, म्हणजे हातांनी सांधे-स्नायूंवर उपचार करणारे, हात ठेवतो ते याच भागावर. काहींना हलकं वाटतं. पुरावा अजून तोकडा आहे, हे मी पैसे घेण्याआधीच सांगते.

सगळ्यांत महाग पडलेली चूक माझी स्वतःची. डोंबिवलीहून एक मुलगी दादरला माझ्याकडे यायची. लेडीज डब्यात चेंगरून, पर्स ओटीपोटाशी धरून. त्रिकास्थीची उजवी बाजू दगडासारखी लागत होती. तीन महिने मी तिथेच काम केलं. "थोडं बरंय" म्हणाली की मी खूश. चौथ्या महिन्यात दारात चपला घालताना सहज म्हणाली, "त्या दिवसांत संडासला बसलं की डोळ्यांपुढे अंधारी येते हो." मी हे कधी विचारलंच नव्हतं! स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा एंडोमेट्रिओसिस निघालं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढलेला. जगात पाळीच्या वयातल्या दहातल्या साधारण एका बाईला हा आजार असतो, आणि मी हाड चोळत बसले होते.

तेव्हापासून हात लावायच्या आधी चार प्रश्न. शौचाला दुखतं का? संबंधाच्या वेळी? गोळीने थांबत नाही का? वर्षागणिक वाढतंय का? एकालाही "हो" आलं, तर आधी डॉक्टर, मग माझं टेबल. आणि "आईलाही असंच व्हायचं" हे वाक्य दिलासा म्हणून वापरू नका. हा आजार घराण्यात चालतो, म्हणून ती डॉक्टरांना मुद्दाम सांगायची गोष्ट आहे.

असह्य होईपर्यंत गोळी न घेणं हा शूरपणा नव्हे. मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारखी गोळी प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करते, त्यामुळे ती सुरुवातीलाच, जेवून घ्यायची. दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नाही.

शेकाची पिशवी टॉवेलात गुंडाळा. भाजलेली पोटं पाहून कंटाळलेय.

दिवसभर पोट आत ओढून उभं राहू नका. मी स्वतः घरी आल्यावर पोटऱ्या खुर्चीवर टाकून जमिनीवर पडते आणि पोट सैल सोडून दहा मिनिटं श्वास घेते. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत.

एका बैठकीत गुण मागणाऱ्यांना मी परत पाठवते. पाळी नसतानाच्या दिवसांत या, तीन महिने बघू. फरक नाही पडला तर मीच थांबवते.

आणि पाळी चुकलेली असताना ओटीपोट कुणाकडूनही चोळून घेऊ नका. आधी गरोदरपणाची चाचणी. त्यात एका बाजूला जोरात दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर मला फोन न करता थेट हॉस्पिटल गाठा.