बाल कल्याण समितीपुढे खोटी तक्रार गेली, तर आपलं म्हणणं कसं मांडावं

कुणीतरी १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन करतं आणि दुपारी दारात दोन अनोळखी माणसं उभी राहतात: "तुमच्या मुलाला मारहाण होते, अशी तक्रार आहे." पायाखालची जमीन सरकते. तरीही आरडाओरडा करू नका, दार लावून घेऊ नका. दोन्हीची नोंद होते. ओळखपत्र पाहा, नाव, हुद्दा आणि वेळ लिहून ठेवा, घर दाखवा. तक्रार आली की चौकशी करणं त्यांचं कामच आहे. ते काम होतं म्हणूनच खरोखर मार खाणारी मुलं सुटतात.

फोन कुणी केला, याच्या मागे लागू नका. आरोप नेमका काय, हे आधी कळायला हवं. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार चौकशीचा अहवाल गोपनीय असतो; पण कलम ९९ प्रमाणे बाल कल्याण समिती, म्हणजे संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती, त्याचा आशय पालकांना सांगू शकते आणि पुरावा देण्याची संधी देऊ शकते. हे कलम पालकांना माहीतच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. साध्या कागदावर तसा अर्ज करा आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या.

मग लेखी म्हणणं. "आम्ही मुलाला जिवापाड जपतो" हे खरं असलं तरी त्यानं काही सिद्ध होत नाही. कागदावर तीन रकाने आखा: आरोप, वस्तुस्थिती, पुरावा. "शाळेत पाठवत नाहीत" यासमोर हजेरीची नक्कल. "उपाशी ठेवतात" यासमोर अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदी. "पाठीवर माराचे डाग आहेत" हा आरोप तान्ह्या बाळाबद्दल असेल, तर लगेच बालरोगतज्ज्ञाकडे जा. आपल्याकडच्या कित्येक बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मापासून निळसर-राखाडी डाग असतात आणि ते हुबेहूब मुक्या मारासारखे दिसतात. मुका मार काही दिवसांत हिरवट, मग पिवळा पडून जातो. जन्मखूण मात्र महिनोन्‌महिने तशीच राहते. डॉक्टरांचं तारखेसह पत्र आणि बाळाच्या पहिल्या महिन्यातला डाग दिसणारा एखादा फोटो, एवढ्यानं तो मुद्दा निकालात निघू शकतो.

एखादी गोष्ट खरी असेल, रागाच्या भरात कधी चापट मारली असेल, तर तसं लिहा. ती लपवलीत आणि उघडी पडली, की बाकीच्या खऱ्या उत्तरांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

मुलाला मात्र काहीही पढवू नका. पढवलेलं वाक्य अनुभवी माणसाला लगेच कळतं, आणि मुलावर त्याचं ओझं राहतं ते वेगळंच.

मूल ताब्यात घेतलं असेल, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत ते समितीपुढे आणावं लागतं. सामाजिक तपासणी अहवालाला, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीच्या अहवालाला, १५ दिवसांची मुदत आहे, अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा अशी तरतूद आहे. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे तत्त्व कायद्यातच आहे. त्याचा उल्लेख करून, देखरेखीखाली का होईना पण मूल घरी द्यावं, अशी लेखी विनंती करा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. मोफत वकिलासाठी महिलांना उत्पन्नाची अट नाही. पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा नोंदला गेला असेल, तर वकिलाशी बोलल्याशिवाय जबाब देऊ नका; ते फौजदारी प्रकरण आहे.

आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. समितीच्या कामकाजाबद्दलची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे नेता येते.

आणि संतापाच्या भरात मुलाचा फोटो टाकून सारी हकीकत फेसबुकवर किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहू नका. कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.