औषधं तोंडपाठ, तरी नर्सिंगच्या पेपरात गुण का जातात? या चुका टाळा

नॉरसेट (एम्सची नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षा) असो की आरोग्य विभागाची स्टाफ नर्स भरती, डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध कशासाठी देतात हे आपल्या मुलामुलींना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण प्रश्न तसा येतच नाही. तो असा येतो: पेशंटला लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) चालू आहे, पोटॅशियम ३.० म्हणजे कमी आहे, सकाळपासून मळमळतंय, दिव्याभोवती पिवळं वलय दिसतंय. डिगॉक्सिनची वेळ झाली, आता काय कराल? लॅसिक्सने पोटॅशियम घटतं आणि ते घटलं की डिगॉक्सिन अंगावर उलटतं. म्हणून डोस थांबवायचा, एपिकल पल्स (छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकलेले हृदयाचे ठोके) पूर्ण एक मिनिट मोजायची, डॉक्टरांना कळवायचं. औषधं एका वहीत आणि लक्षणं दुसऱ्या वहीत ठेवणारा इथेच अडकतो.

गरोदरपणातले झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचंही तेच. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट, हे सगळ्यांना येतं. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वासाचा वेग आणि लघवी (ताशी किमान ३० मिली) बघायची, हे मात्र निम्म्यांना आठवत नाही. हे औषध अंगात जास्त झालं की आधी रिफ्लेक्स जातो, श्वास नंतर मंदावतो. हा क्रमच विचारतात.

लक्षणांत सर्वांत फसवी जोडी म्हणजे शॉक (शरीराचा रक्तपुरवठा कोसळणं) आणि डोक्यातला वाढलेला दाब. शॉकमध्ये बीपी खाली, नाडी वर. डोक्यातला दाब वाढला की बरोबर उलटं: बीपी वर, नाडी मंद, श्वास अनियमित.

आता ‘आधी कोणाला बघाल?’ हा प्रश्न. हाड जोडलेला पेशंट कळवळतोय, एकाची शुगर २२० आहे, एकाला डिस्चार्ज हवाय आणि थायरॉइडच्या ऑपरेशनला दोन तास झालेल्या बाईच्या श्वासात शिट्टीसारखा आवाज येतोय. दया येऊन बरेच जण कळवळणाऱ्याकडे धावतात. पण त्या बाईची श्वासनलिका बंद होत आली आहे. ओरडणाऱ्याला निदान श्वास तरी येतोय!

‘आधी तपासा, मग कृती करा’ हा नियमही डोळे मिटून लावू नका. रक्त चढवायला सुरुवात करून दहा मिनिटं झाली, थंडी वाजतेय, कंबर दुखतेय, आणि पर्यायांत ‘ताप मोजा’ दिसतो. तो मोहाचा सापळा आहे. आधी रक्त बंद करायचं, मग नवीन सेटने सलाइन लावून शीर चालू ठेवायची.

नॉरसेटमध्ये चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. त्यामुळे चारही पर्याय परके वाटले तर सोडून द्या, दोन बाद करता आले तर मात्र उत्तर लिहा.

राहिली गणितं. १००० मिली सलाइन ८ तासांत द्यायचं आहे, सेट २० थेंबांचा (१ मिलीत २० थेंब) आहे, मिनिटाला किती थेंब? ८ तासांची ४८० मिनिटं न करता भागाकार केला तर मिनिटाला २५०० थेंब येतात आणि कोणी त्याकडे वळूनही बघत नाही. उत्तर ४२.