‘कप’ म्हणजे ‘कमळ-पतंग’: पहिलीचा वर्ग पहिल्यांदा मिळालेल्यांसाठी

नोकरीचं पहिलं वर्ष, धुळे जिल्ह्यातली दोनशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी माझ्याकडे. दिवाळीपर्यंत पोरांची मुळाक्षरं तोंडपाठ झाली. तक्त्यावर छडी टेकवली की ‘क कमळाचा’चा सूर लागायचा आणि दारावरून जाणारे पालक खूश व्हायचे. एके दिवशी फळ्यावर ‘कप’ लिहिलं आणि पुढे बसलेल्या एकाला वाचायला सांगितलं. त्यानं दोन्ही अक्षरांवर बोट ठेवलं आणि ठणठणीत आवाजात वाचलं, “कमळ-पतंग.”

तेव्हा हसले. एसटीत बसल्यावर मात्र हसू गेलं. पोराचं काहीच चुकलं नव्हतं. ‘क’ म्हणजे कमळ हे मीच पाच महिने घोकून घेतलं होतं, तेच त्यानं परत दिलं.

आपली वर्णमाला उच्चारस्थानांप्रमाणे लावलेली आहे, घशापासून ओठांपर्यंत. व्याकरणासाठी ती फार देखणी मांडणी आहे, पण सहा वर्षांच्या पोराला क-ख-ग-घ एका दमात देणं म्हणजे सारख्या आवाजाची चार अक्षरं एकदम अंगावर टाकणं. त्यात ङ आणि ञ. त्यांच्यावाचून पहिलीतल्या कुठल्या पोराचं काय अडतं, मला अजून कळलेलं नाही.

फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत भाषातज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी वेगळी वाट काढली: थोडी अक्षरं, त्यांच्याबरोबर लगेच स्वरचिन्हं, आणि तेवढ्यातच वाचता येतील असे शब्द. मी ही वाट उशिरा धरली. माझा पहिला गट क, म, न, र आणि काना एवढाच असतो. काना नसेल तर हातात कर, मन, नर असे दोन-चार शब्द येतात. काना आला की कान, नाक, मान, काम, रान, मका, काका, मामा, करा, नका, कमान. पहिल्याच पंधरवड्यात पोरगं ‘मामा’ वाचतं आणि घरी जाऊन दाखवतं. काना-मात्रा दिवाळीनंतर, असं तुम्हाला कुणी सांगेल. ऐकून घ्या आणि काना जुलैतच शिकवा.

पण अक्षराच्याही आधी कान तयार करावा लागतो. हा खेळ नुसता तोंडी, पाटी-पेन्सिल बाजूला. “‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरलं?” “पाट!” “‘मगर’मधला ‘म’ काढला?” “गर!” रोज दहा मिनिटं पुरतात. ज्याला हे जमत नाही तो पुढे अक्षरं जोडताना हमखास अडखळतो.

इथे एक इशारा. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलचा 2000 सालचा अहवाल फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांचे सुटे आवाज जोडत वाचायला शिकवण्याच्या, बाजूने ठाम बोलतो, पण तो इंग्रजी वाचनाबद्दल आहे. इंग्रजीत सव्वीस अक्षरं आणि ध्वनी चाळीसच्या वर, शिवाय ‘डब्ल्यू’ या नावावरून त्याचा आवाज कळायची सोय नाही. आपल्या ‘क’चं नाव आणि आवाज एकच. म्हणून ‘कान’ची क्-आ-न् अशी फोड पहिल्या दिवसापासून करू नका. ‘का’ आणि ‘न’ हेच पोराला ऐकू येणारे तुकडे आहेत. ‘क’चा ‘का’ होताना काय बदललं, हे कान्यामुळे हळूहळू आपोआप उमगतं.

अडचण येते ती जोडताना. पोरगं ‘ना... क’ असं सुटं वाचतं आणि शेवटी ‘नाका’ म्हणतं. शेवटचा ‘अ’ आपण बोलताना गिळतो, पण लिहिताना तशी खूण करत नाही. नियम सांगत बसू नका. ‘नाक’ आणि ‘नाका’ शेजारी-शेजारी लिहा, बोट न उचलता खालून सरकवायला लावा आणि विचारा, “आपण बोलतो कसं?” वेलांट्यांमध्ये मी दीर्घ आधी घेते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी बसते आणि बोलते नंतर, हा गोंधळ महिनाभर पुढे ढकललेला बरा.

आमच्याकडे घरोघरी अहिराणी. डोळ्याचं चित्र दाखवलं की पोरं म्हणतात “डोया”, आणि शाळा म्हणजे “शाया”. मी आधी दर वेळी दुरुस्त करायचे. दोन मुलींनी बोलणंच बंद केलं. आता मी म्हणते, “घरी डोया, पुस्तकात डोळा.” दोन्ही फळ्यावर लिहिते आणि ‘ळ’वर बोट ठेवते. ‘ळ’ माझ्या यादीत मुद्दाम उशिरा येतो.

गोष्ट मात्र रोज वाचून दाखवा. चार अक्षरांच्या शब्दांवर पोराचं पोट भरत नाही.

तपासणीची युक्ती मी इंग्लंडकडून उचलली. तिथे 2012 पासून पहिलीच्या मुलांना चाळीस शब्द वाचायला देतात, त्यांतले निम्मे बिनअर्थाचे, म्हणजे पाठांतरावर भागत नाही. मी ‘माकर’, ‘रनाका’ असे शब्द लिहिते. “मॅडम, रनाका काय असतं?” असं एकीनं विचारलं, तर मागून उत्तर आलं, “राक्षसाची बायको.” तेव्हापासून पोरं स्वतःच असे शब्द बनवून एकमेकांना वाचायला लावतात.

वहीत प्रत्येकाचं एक पान ठेवा आणि बरोबर-चूक अशी खूण करू नका. पोर जे बोललं ते जसंच्या तसं लिहा. माझ्या एका पानावर ऑगस्टमध्ये ‘मका: मगर’ आहे, सप्टेंबरमध्ये ‘मका: म, का, काका’ आणि त्याच्याखाली आठवड्याभरानं नुसतंच ‘मका’.