बहुस्तरीय मॉडेल: आधी पातळी ठरवा, मग टूल उघडा

यूएमएल या सॉफ्टवेअरचे आराखडे काढायच्या आकृतीभाषेत क्लास (प्रकार) आणि ऑब्जेक्ट (त्या प्रकारातली एक वस्तू) अशा दोनच पातळ्या धरून काम चालतं. ‘उत्पादन’, ‘सायकल’, सायकलचं एखादं मॉडेल आणि त्या मॉडेलची विकली गेलेली सायकल, ही चार पातळ्यांची उतरंड त्यात कोंबू नका. ‘उपक्लास (क्लासचा पोटप्रकार) करा, भागतं’ असं सांगणारे भेटतील. नाही भागत. उपक्लासला वारशात अॅट्रिब्यूट (गुणधर्म) मिळतं, पण त्यात स्वतःचं मूल्य भरता येत नाही.

दोनापेक्षा जास्त पातळ्यांचं, म्हणजे बहुस्तरीय मॉडेल बनवायला टूल म्हणून एक्समॉडेलर किंवा मेटाडेप्थ घ्या. पहिल्यात आकृती काढता येते, दुसरं मजकुरावर चालतं.

सुरुवात तळातून करा. खरी सायकल ० वर, मॉडेल १ वर, ‘सायकल’ २ वर, ‘उत्पादन’ ३ वर.

आता खरी गोम. अॅट्रिब्यूट ‘उत्पादन’वर लिहायचं, पण त्यात मूल्य कुठल्या पातळीवर भरायचं? प्रत्येक अॅट्रिब्यूटला विचारा: हे कुणाचं? कराचा दर सायकल या प्रकाराचा, म्हणून २. छापील किंमत मॉडेलची, १. अनुक्रमांक आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत त्या एका सायकलची, ०. नुसतं ‘किंमत’ असं अॅट्रिब्यूट कधीही ठेवू नका. त्यात दोन पातळ्या दडलेल्या असतात आणि पुढे प्रत्येक हिशेब चुकतो. मी इथे सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा.

पातळीचा हा आकडा दोन्ही टूल्समध्ये वेगळ्या अर्थाने येतो. मेटाडेप्थमध्ये पोटेन्सी असते: अजून किती पायऱ्या उतरायच्या, ते अंतर. एक्समॉडेलरमध्ये थेट पातळीचा क्रमांक. उद्या ‘सायकल’ आणि मॉडेल यांच्यामध्ये ‘रेसिंग सायकल’ घातलीत, तर अनुक्रमांकाची पोटेन्सी ३ वरून ४ करावी लागते. क्रमांकाच्या पद्धतीत अनुक्रमांक ० वरच राहतो, पण कराचा दर २ वरून ३ वर सरकतो. म्हणून पातळ्या पक्क्या होईपर्यंत शेकड्यांनी ऑब्जेक्ट बनवायची घाई करू नका.

ऑपरेशनलाही, म्हणजे करायच्या हिशेबासारख्या कृतीलाही, हाच नियम. ‘एकूण विक्री’ लिहायचं ३ वर, चालवायचं १ वरच्या मॉडेलवर; ते आपल्या सायकलींच्या विक्रीच्या किमतींची बेरीज करेल. एक्समॉडेलरमध्ये हा सगळा आराखडा आणि चालू ऑब्जेक्ट एकत्रच नांदतात, वेगळा कोड जनरेट करावा लागत नाही. सायकलची दोन मॉडेल्स, प्रत्येकी तीन सायकली बनवा आणि बेरीज हाताने ताडून पाहा.