सामायिक डेटाला सेमाफोर नको, म्यूटेक्स लावा
दोन टास्क (प्रोसेसरवर आलटून-पालटून चालणारी कामं) एकच बफर (मेमरीतली सामायिक जागा) वापरत असतील तर बायनरी सेमाफोरवर (दोनच स्थिती असलेल्या इशाऱ्यावर) भागवू नका; म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच टास्कला धरता येणारा लॉक, वापरा. फ्रीआरटीओएस या छोट्या उपकरणांच्या रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रायॉरिटी इनहेरिटन्स (लॉक धरणाऱ्या टास्कला वाट बघणाऱ्या टास्कची वरची प्रायॉरिटी तात्पुरती देणं) म्यूटेक्सला मिळतो, बायनरी सेमाफोरला नाही. फरक कुठे पडतो? खालच्या प्रायॉरिटीच्या टास्कने लॉक धरलाय, वरची त्याची वाट बघतेय, आणि मधल्या प्रायॉरिटीची तिसरी येऊन प्रोसेसर अडवून बसते. डेडलाइन गेलीच म्हणून समजा! १९९७ मध्ये मंगळावरचं पाथफाइंडर यान याच भानगडीने पुन्हापुन्हा रीसेट होत होतं. पृथ्वीवरून इनहेरिटन्स चालू केल्यावर थांबलं. लिनक्सवर पीथ्रेड या थ्रेड लायब्ररीच्या म्यूटेक्सलाही तो आपोआप मिळत नाही, प्रोटोकॉल स्वतः सेट करावा लागतो. इंटरप्टमधून (हार्डवेअरच्या तातडीच्या इशाऱ्यातून) टास्कला नुसतं जागं करायचं असेल, तर मात्र सेमाफोरच बरा.