कॅम्पर व्हॅनचे जुने इंजिन: बांधून घ्यावे की बदलावे?

इंदूरमध्ये जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात बिछाना, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेतलेल्या माणसाला एक सोय आपोआप मिळते. ही गाडी जवळच पीथमपूरच्या कारखान्यात तयार होत असल्यामुळे तिचे सुटे भाग आणि तिचे इंजिन उघडलेले मिस्त्री शोधायला फार फिरावे लागत नाही. तरीही इंजिन धूर सोडू लागले, चढावर दम टाकू लागले की ट्रान्सपोर्ट नगरमध्ये चार ठिकाणी विचारल्यावर चार उत्तरे मिळतात, कारण प्रत्येक जण आपल्याला जे काम येते तेच सुचवतो. म्हणून निर्णय मिस्त्रीच्या तोंडी अंदाजावर न सोपवता मोजमापांवर घ्यावा, आणि मोजमापाची सुरुवात इंजिनापासून न करता उरलेल्या गाडीपासून करावी.

आधी नोंदणीपुस्तक पाहावे. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे चालते आणि त्यानंतर तपासणी होऊन ५-५ वर्षांसाठी वाढते. गाडी व्यावसायिक नोंदणीची असेल, तर ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. मग गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर चढवून चॅसिसचे आडवे पट्टे, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे आधार, पायऱ्यांखालचा पत्रा आणि विशेषतः पाण्याच्या टाकीखालचा भाग हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावा. कॅम्परमध्ये टाकी वर्षानुवर्षे थोडी थोडी पाझरत असते आणि फर्शीखालचा गंज वरून दिसत नाही. पत्रा जागोजागी दबत असेल, तर इंजिनाचा प्रश्न तिथेच संपतो; अशा गाडीवर मोठा खर्च करू नये, आतले सामान काढून दुसऱ्या सांगाड्यात बसवावे.

सांगाडा ठीक निघाला की इंजिनाकडे वळावे. इथे कॅम्परची एक वेगळी अडचण आहे. प्रवासी ट्रॅव्हलर रोज धावते, कॅम्पर मात्र आठ-आठ महिने उभी असते. त्या काळात पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात, टाकीतल्या डिझेलमध्ये पाणी साचते, रबरी सील वाळतात आणि गाडी बाहेर काढल्यावर इंजिन आहे त्यापेक्षा म्हातारे वाटते. म्हणून डिझेल फिल्टर, ऑइल आणि एअर फिल्टर बदलून दोन-तीनशे किलोमीटर चालवल्याशिवाय कोणतीही चाचणी खरी मानू नये.

त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायची जागा, तपासावेत. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमधले २३९९ सीसीचे इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ या घराण्यातले आहे. त्यात व्हॉल्व्हची फट काळानुसार कमी होत जाते, व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत आणि रिंगा चांगल्या असूनही कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा दाब, कमी दिसते. टॅपेट सेट न करता कॉम्प्रेशन मोजणाऱ्याला सरळ नकार द्यावा. मोजताना इंजिन गरम असावे, बॅटरी पूर्ण भरलेली असावी, डिझेलचा पुरवठा बंद असावा आणि मीटर डिझेलसाठीचे असावे. पेट्रोल गाडीचे मीटर इतका दाब सोसत नाही. या घराण्यातल्या निरोगी इंजिनाचे कॉम्प्रेशन साधारण २२ ते २४ बार भरते, १५ बार ही खालची मर्यादा मानली जाते आणि सिलिंडरांमधला फरक ३ बारपेक्षा जास्त नसावा. चारही आकडे १८-१९च्या आसपास असतील, तर इंजिन वयाप्रमाणे झिजले आहे, पण अजून काही हंगाम चालेल. तीन आकडे २१ आणि एक १२ असेल, तर सगळे इंजिन दोषी नसून एकाच सिलिंडरमध्ये जळका व्हॉल्व्ह, तुटकी रिंग किंवा फाटलेले गॅस्केट आहे.

मिस्त्री ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात, ते घरीही पाहता येते. गरम इंजिन संथ चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण उलटे करून त्या तोंडावर नुसते ठेवावे. ते थरथरत राहिले तर काळजी नाही. उडून खाली पडले, तर सिलिंडरमधला वायू रिंगांवरून खाली उतरतो आहे. ऑइलचा दाब मात्र बाहेरून मीटर लावूनच पाहावा. गरम इंजिन संथ चालत असताना या इंजिनात तो बराच खाली जाऊ शकतो, पण ऍक्सिलरेटर देताच ३ बारपर्यंत चढला पाहिजे. चढत नसेल आणि खालून ठोका ऐकू येत असेल, तर क्रँकच्या बेअरिंगा गेल्या आहेत.

धुराचा रंग उपयोगी असतो, पण त्यावर एकट्यावर विसंबू नये. निळा धूर ऑइल जळत असल्याचा, काळा धूर नोझल किंवा हवेच्या पुरवठ्यातल्या दोषाचा, आणि पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा रेडिएटरच्या पाण्याचा असतो. माझ्या गाडीने दीर्घ विश्रांतीनंतर सकाळी पांढरा धूर सोडायला सुरुवात केली, तेव्हा एका गॅरेजात बॉनेट उघडण्याआधीच निकाल लागला होता: “इंजन बैठ गया है, पूरा बंधवाना पडेगा.” प्रत्यक्षात थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारे दोन हीटर प्लग मेलेले होते आणि टॅपेट घट्ट झाले होते. याउलट रात्रभर उभ्या गाडीचा रेडिएटरचा वरचा पाइप सकाळी थंडपणीही टणक लागत असेल आणि पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटमधून वायू पाण्यात जात आहे. ते काम लांबवू नये.

आता कामांची पायरी ठरवावी. नोझल, पंप, हीटर प्लग, टॅपेट, थर्मोस्टॅट ही दुरुस्ती नव्हे, देखभाल आहे आणि ती प्रत्येक वेळी आधी करावी. केवळ हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवून व्हॉल्व्ह, फेसिंग (हेड सपाट घासणे) आणि गॅस्केटचे काम तेव्हाच परवडते, जेव्हा खालचा भाग मापात असतो. नाहीतर वर दाब वाढला की थकलेल्या रिंगा आणखी ऑइल ओढतात. ‘हाफ इंजिन’ म्हणजे रिंगा आणि बेअरिंगा बदलणे हा फसवा मध्यम मार्ग आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचे भोक, लंबगोल झाला असेल, तर नव्या रिंगा त्यात बसत नाहीत आणि वर्षभरात तोच धूर परत दिसतो. लेथवर बोअरचे माप वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी घेऊन ते कागदावर लिहून मागावे. माप गेले असेल, तर बोरिंग, मोठ्या मापाचे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग अशी पूर्ण बांधणी करावी. ब्लॉकला तडा असेल, बोअर आधीच शेवटच्या मापापर्यंत कापलेला असेल किंवा क्रँक तुटला असेल, तरच दुसरे इंजिन पाहावे.

दुसरे इंजिन घेताना आधी कायदा पाहावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतील तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मान्य होत नाही. जुन्या गाडीत नवीन बीएस-६ इंजिन बसवण्याची कल्पना इथेच बाद होते. त्याचे संगणक, वायरिंग आणि धूरशुद्धीची यंत्रणा जुन्या गाडीत नसते, ही अडचण वेगळीच. त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन घेतले, तरी आरटीओची मंजुरी घेऊन बदल झाल्यापासून १४ दिवसांत नवा क्रमांक नोंदणीपुस्तकात चढवून घ्यावा लागतो. इंदूरकरांसाठी ती फेरी नायता मुंडल्याच्या आरटीओ कार्यालयाची. विमा कंपनीलाही तो क्रमांक कळवावा. विक्रेत्याकडून इंजिन क्रमांक लिहिलेले पक्के बिल आणि ज्या गाडीतून ते काढले तिच्या कागदांची प्रत मिळत नसेल, तर स्वस्त इंजिनही घेऊ नये. सेकंड-हँड इंजिन घेण्याआधी तेही चालवून, वरच्याच चाचण्या करून पाहावे. आपले झिजलेले इंजिन देऊन दुसऱ्याचे झिजलेले घेण्यात अर्थ नाही.

हिशेब वर्षांवर करावा. समजा, पूर्ण बांधणीला दीड लाख लागतात आणि नोंदणी व सांगाडा मिळून गाडीची सहा वर्षे उरली आहेत, तर वर्षाला २५ हजार पडतात. हाफ इंजिनाला साठ हजार लागून ते दोनच हंगाम टिकणार असेल, तर ते वर्षाला ३० हजारांना पडते, आणि शिवाय गाडी पुन्हा गॅरेजात जाते. कोटेशनमध्ये क्लच प्लेट, इंजिनाचे रबरी माउंटिंग, पाण्याचा पंप आणि रेडिएटर साफ करण्याचा खर्च धरलेला आहे का, हे विचारावे, कारण इंजिन उतरलेले असताना ही कामे जवळपास फुकट होतात आणि नंतर तीच महाग पडतात.

काम झाल्यावर पहिले हजार किलोमीटर भार कमी ठेवून, वेग बदलता ठेवून चालवावे आणि ऑइल बदलावे. मग पाण्याची टाकी भरून (शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, हे विसरू नये) महेश्वरला जावे आणि परतताना धामनोदहून मानपूरकडे चढणाऱ्या घाटात तापमानाचा काटा पाहत यावे. काटा मध्याच्या वर सरकला, तर गॅरेजातून गाडी सोडवताना उरलेले पैसे देण्याआधीच ही फेरी करायला हवी होती, हे लक्षात येईल. म्हणून शेवटचा हप्ता या घाटानंतरच द्यायचा, असे मिस्त्रीशी आधीच ठरवून घ्यावे.