एफटी८ सुरू करताना: केबल, घड्याळ आणि एएलसी

एफटी८ म्हणजे हॅम रेडिओवर संगणकाच्या मदतीने छोटे निरोप पाठवायची डिजिटल पद्धत. त्यासाठी रिग (रेडिओ संच) आणि संगणक यांच्यात आवाजाची ये-जा हवी आणि पीटीटीचा, म्हणजे प्रसारण सुरू करण्याचा, इशारा हवा. आयकॉम आयसी-७३००मध्ये साउंड कार्ड आतच असल्याने एक यूएसबी केबल पुरते. मात्र ड्रायव्हर आधी टाका, केबल नंतर लावा. जुन्या रिगला बाहेरचं साउंड कार्ड आणि पीटीटी इंटरफेस लागतो. तिथे दोन्ही ऑडिओ वायरींत ६००:६०० ओहमचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, नाहीतर हम (विजेची गुणगुण) पाठ सोडत नाही.

डब्ल्यूएसजेटी-एक्स हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात कॉलसाइन (तुमच्या स्टेशनचं नाव) आणि ग्रिड (नकाशावरच्या चौकोनाचा कोड) भरा (पुणे एमके६८, नागपूर एमएल९१) आणि ऑडिओसाठी रिगचंच कार्ड निवडा. लॅपटॉपचा माइक निवडलेला राहिला तर वॉटरफॉलवर (सिग्नल रेघांसारखे दाखवणाऱ्या खिडकीत) फक्त पंख्याची घरघर दिसते. विंडोजचे सिस्टीम साउंड बंद करा. मेल आल्याची टिंग हवेत जायला नको.

रिग यूएसबी-डेटा मोडवर ठेवा. इथे यूएसबी म्हणजे अप्पर साइडबँड, केबल नव्हे! ४० मीटर बँडवर बोलताना एलएसबी (लोअर साइडबँड) वापरायची सवय असते, म्हणून चूक इथेच होते. डायल ७.०७४ किंवा १४.०७४ मेगाहर्ट्झ. बँड शांत असताना सॉफ्टवेअरमधला डावीकडचा मीटर ३० डीबीच्या आसपास आणा.

रेघा दिसतात पण डीकोड होत नाही, म्हणजे निरोप उलगडत नाहीत? साइडबँड बरोबर असेल तर घड्याळ बघा. प्रत्येक पाळी १५ सेकंदांची, त्यात प्रसारण १२.६ सेकंद. सगळ्या स्टेशनांचा डीटी (वेळेतला फरक) एकाच बाजूला सरकलेला दिसला, तर चूक तुमच्या घड्याळाची. इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्या.

प्रसारण अर्थातच लायसन्स असेल तरच, आणि आधी डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रोधक). स्पीच कॉम्प्रेसर बंद, पॉवर २०-२५ वॅट. ट्यून दाबून 'पॉवर' स्लायडर हळूहळू वर न्या. एएलसीचा (रिगमधल्या आपोआप पातळी आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा हलू लागला की थोडा खाली आणा. ऑडिओ जास्त झाला की खोटे सिग्नल उमटतात आणि शेजारच्यांचे संपर्क बिघडतात. बोलताना पॉवर कमीजास्त होते, इथे मात्र १२.६ सेकंद सलग पूर्ण पॉवर जाते. त्यामुळे १०० वॅटचा मोह टाळाच, फायनल (रिगचे शेवटचे पॉवर ट्रान्झिस्टर) तापतात.

अँटेना लावल्यावर रिग प्रसारणातच अडकली किंवा यूएसबी केबलची जोडणी तुटू लागली, तर आरएफ (प्रसारणाची रेडिओ ऊर्जा) केबलमध्ये शिरतंय. फेराइट कोरवर केबलचे पाच-सहा वेढे घ्या.

आता वॉटरफॉलवर मोकळी जागा शोधा, तिथे शिफ्ट-क्लिक करा आणि 'होल्ड टीएक्स फ्रिक्वेन्सी'वर खूण करा. मग सीक्यूच्या (कुणीही उत्तर द्या, अशा हाकेच्या) ओळीवर डबल-क्लिक; पुढचे निरोप सॉफ्टवेअर आपोआप पाठवतं. लॉगमधली वेळ यूटीसी असते, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे.